अंगुस्तानाची उंची

बसा हो, बसा. एक पाय दारात नि एक पाय बाहेर ठेवून गोष्ट ऐकायची नसते. आधीच सांगून ठेवतो, हिच्यात कुणी पळून जात नाही, कुणी मरत नाही, मारामारी तर नावालाही नाही. एक माणूस, त्याची बायको, एक खुर्ची आणि एक कॉम्प्युटर, ज्याला त्या माणसानं रंग ओळखून त्याच्यामागं जायला शिकवलं. शिकवताना एके ठिकाणी त्याचा हात सैल पडला, आणि त्यापायी पुढचे आठ दिवस तो कसा जगला, तेवढंच सांगायचंय. पण नीट सांगणार आहे. मधे उठू नका.

तर हा माणूस शिलाई मशीन दुरुस्त करायचा. सगळे त्याला मशीनवालाच म्हणायचे, रागावली की बायकोसुद्धा. घराची पुढची खोली तेच दुकान. एका अंगाला त्याचे पेचकस, तेलाच्या कुप्या, पोट उघडून ठेवलेल्या मशीनी; दुसऱ्या अंगाला, खिडकीपाशी, बायकोची मशीन, कापायचं टेबल आणि रिळांची पेटी. एका सोमवारी सकाळी बायको आंघोळीला गेली होती. आदल्या दिवशी झाडताना धूळ उडालेली, म्हणून त्यानं कॉम्प्युटरला जोडलेला फळीवरचा कॅमेरा फडक्यानं पुसला आणि चित्र नीट येतंय का बघायला कॉम्प्युटर चालू केला. चित्रात खुर्ची, खुर्चीपुढं टेबल, मागं खिडकी. माणूस कोणी नाही. मिनिटभर तसंच चालू दिलं, मग बंद केलं. बंद केलं की तो कॉम्प्युटर दर वेळी एक आकडा दाखवायचा, तसा आताही दाखवला. सतरा. मशीनवाला त्या आकड्याकडं बघत राहिला. सतरा म्हणजे टेबलापासून हात सतरा बोटं उंच गेला. कुणाचा गेला? खुर्ची रिकामी, आत बादलीत पाणी पडल्याचा आवाज. कालचाच आकडा पुसायचा राहिला असेल, असं म्हणून त्यानं पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. सतरा. काल संध्याकाळी हाच आकडा बायकोनं ऐकला होता आणि डाव्या हातानं स्वतःच्याच गुडघ्यावर थाप मारली होती. तीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतःला दिलेली ती पहिलीच शाबासकी असेल.

तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. एका दुपारी कोटाची बाही लावता लावता ती म्हणाली, "अहो, हा हात कुणाचा?" त्याला वाटलं, थट्टा करतेय. त्यानं मान वर न करता सांगितलं, "माझा नाही बुवा, माझे दोन्ही हितंच आहेत." हे वाक्य त्याला पुढं कितीतरी दिवस तोंडातल्या खड्यासारखं टोचत राहिलं. दवाखाना झाला, घरी आली, पाय सुधारला, बोलणं सुधारलं, तोंडाची धार तर पहिल्यापेक्षा चढली. हात तेवढा मांडीवर पडून राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज टेबलावरून हात उचलायचा, दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी. हा तिच्यामागं उभा राहायचा, तिच्या कोपराखाली आपला तळवा धरून, न टेकवता, खाली आला तर झेलायला म्हणून. आणि रोज म्हणायचा, कालच्यापेक्षा बरा गेला. एक दिवस तिनं हात टेबलावर टाकला आणि म्हणाली, "तुम्ही हाताकडं बघतच नाही. माझ्या तोंडाकडं बघता आणि बोलता. तोंड हसरं असलं की बरा, तोंड पडलं की लई बरा. मला असं काहीतरी आणून द्या, ज्याला माझी दया येत नाही."

आता असं काय आणायचं? पट्टी लावून बघितली, तर हात हलता, पट्टी हलती, आणि पट्टी धरणारा हाच, दयेचा पुतळा. शेवटी धाकटीच्या मुलीला फोन केला. धाकटी म्हणजे बायकोची बहीण, तीही शिवणकाम करणारी. तिची मुलगी एका मोठ्या कचेरीत रस्त्यावरच्या गाड्या कॉम्प्युटरकडून मोजून घ्यायचं काम करते. ती म्हणाली, "काका, सोपं आहे, मी पाठवते करून." हा म्हणाला, "पाठवू नको, शिकव. तू केलंस तर बिघडल्यावर मी काय उघडू?" तिला हसू आलं, पण शिकवलं बिचारीनं, फोनवर, दोन महिने, जेवायच्या सुट्टीत. सातवीतून सुटलेला माणूस हा. पण मशीन कुठलीही असो, एका जागी दाबलं की दुसऱ्या जागी काय हलतं, एवढं कळलं की त्याची भीती जायची. "हे बघा काका," भाची सांगायची, "त्याला पोपटी, हिरवा असलं नाव कळत नाही. रंगाचं एक चाक समजा. चाकावर कुठं आहे, हा पहिला आकडा. किती गडद, हा दुसरा. किती उजेडातला, हा तिसरा. प्रत्येकाला एक खालची हद्द द्यायची, एक वरची. हद्दीत बसेल ते पांढरं, न बसेल ते काळं. मग पांढऱ्याच्या मागं जायला सांगा." चाक म्हटल्यावर त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अक्षरं एका बोटानं शोधत, चुकत, पुन्हा लिहीत त्यानं ते केलं.

रंग मात्र बायकोनं निवडला. ह्याच्या लेखी जगात रंग पाचच: काळा, पांढरा, लाल, पिवळा, हिरवा; उरलेले सगळे मळलेले. तिच्या रिळांच्या पेटीत नुसते हिरवेच अकरा होते. उजव्या हाताच्या मधल्या बोटात ती आयुष्यभर अंगुस्तान घालत आली, सुई बोटात जाऊ नये म्हणून घालायची ती पितळी टोपी. तीच रंगवायची ठरली. त्यानं हिरव्या रंगाची डबी पुढं केली.

"हा? हा तर शेवाळी. कोपऱ्यात मेलेल्या दिव्यासारखा दिसेल," ती म्हणाली.

"मग हा घे."

"तो मोरपंखी. माझ्या खिडकीच्या पडद्याच्या कडेला मोरपंखी आहे, तुमचा कॉम्प्युटर पडद्याला हात समजेल. पोपटी करा. घरात पोपटी काही म्हणजे काही नाही. मला तो कधी आवडलाच नाही."

असा तो न आवडणारा रंग तिच्या बोटावर चढला. पहिल्यांदा प्रोग्राम नीट चालला त्या दिवशी भाचीनं सांगितलेलं ते काळं-पांढरं चित्र त्यानं पडद्यावर आणलं, आणि त्याला कसंसंच झालं. खोली गेली, खिडकी गेली, खुर्ची गेली, बायको गेली. सगळीकडं काळं, आणि त्यात एक पांढरा ठिपका, वर जातोय, थरथरतोय, खाली येतोय. त्यानं घाईनं मान वळवून खुर्चीकडं बघितलं. ती तिथंच होती, खालचा ओठ दातात धरून, कपाळावर घाम. पुन्हा पडद्याकडं बघितलं, नव्हती. माणसाला बघायला शिकवताना आपण बाकीचं न बघायला शिकवतो की काय, असला काहीतरी विचार त्याच्या मनात आला, पण असले विचार धरून ठेवायची त्याला सवय नव्हती. तेव्हापासून त्यानं ते काळं चित्र लावलंच नाही. कॉम्प्युटर आपला मागं चालू राहायचा, पोपटी रंग सगळ्यात उंच कुठं दिसला ते टिपून ठेवायचा, आणि शेवटी बोटांत आकडा सांगायचा. व्यायाम चालू असताना हा पडद्याकडं कशाला बघतोय? तो तिच्या कोपराखाली तळवा धरून उभा, नजर सवयीनं तिच्या तोंडाकडं; आणि ती डोळे मिटून जोर लावणारी.

पहिला आकडा आला चार. तिनं तोंड वाकडं केलं, पण खरं सांगतो, तिला तो आवडला. कुणीतरी तिला तोंडावर चार म्हणालं होतं. महिन्याभरात चारचे नऊ झाले. मग तिच्या अंगात आलं. धाकटी एकदा भेटायला आलेली असताना तिनं भिंतीवर, चित्रात दिसेल अशी, खडूनं रेघ मारून घेतली, खांद्याच्या उंचीला. बावीस बोटं. "धाकटे, ऐक. पुढच्या महिन्याच्या अखेरच्या रविवारपर्यंत हात इथं आला तर मशीन माझी. नाही आला तर त्या रविवारी टेम्पो घेऊन ये आणि मशीन घेऊन जा. तुझी ती खटारा किती दिवस हाकणार?" धाकटी म्हणाली, "ताई, काहीतरीच काय?" ही म्हणाली, "काहीतरी नाही. न चालणारी मशीन घरात असली की रोज सकाळी ती माझ्याकडं बघते." तिच्या मशीनचा एकूण एक स्क्रू ह्यानं स्वतः घट्ट केलेला. मशीन घरातून जाणार म्हटल्यावर ह्यानं उगाचच तिच्यात तेल घातलं.

आणि नेमकं तेव्हा समोरच्या इमारतीला रंगकामासाठी परांची बांधली, तिच्यावर कापड टाकलं, आणि खोलीतला उजेड मंदावला. कॉम्प्युटरला अंगुस्तान दिसेना. कधी सहा सांगे, कधी काहीच नाही. बायको कासावीस. ह्यानं हद्द थोडी वाढवली, दिसलं, परत गेलं. तेव्हा तीच म्हणाली, "अहो, कापड कापताना आपण मापाला मापच कापतो का? शिवणीत माया ठेवतो. पुढं अंग भरलं, तर उसवून वाढवता येतं. तुमच्या त्या आकड्यांना दोन्हीकडून माया ठेवा की." ह्याला ते पटलं. चांगल्या शिंप्याचं बोलणं होतं ते. दोन आकडे माया इकडून, दोन तिकडून; चाकावर पोपटीच्या अलीकडचं थोडं, पलीकडचं थोडं. लगेच आकडा आला, साडेनऊ. दोन-तीन दिवसांनी दहा. मग अकरा. साडेबारा. कधी मागं नाही, कधी उडी नाही, कसं सावकाश, शहाण्यासारखं वर चाललेलं. त्या चार आठवड्यांत ती पुन्हा जेवताना गप्पा मारायला लागली.

तर त्या सोमवारी तो रिकाम्या खुर्चीसमोर उभा होता, आणि हे सगळं त्याच्या डोक्यातून गेलं ते मी सांगायला जितका वेळ घेतला त्याच्या शंभराव्या हिश्श्यात. त्यानं कित्येक आठवड्यांनी ते काळं चित्र लावलं. सगळीकडं काळं. आणि खिडकी असायला हवी तिथं, उंचावर, एक छोटा पांढरा ठिपका. अगदी किंचित हलत होता. तो खिडकीशी गेला. बायकोनं कधीकाळी बाटलीत खोचून ठेवलेली वेल, गजाला दोरा बांधून वर चढवलेली. जुनी पानं गडद, मेणचट; ती बायकोच्या भाषेत शेवाळी असणार. पण टोकाला नवा कोंब फुटला होता, गुंडाळलेलं पान, त्याच्या बाजूला अर्धवट उलगडलेलं दुसरं. पोपटी. ह्या माणसाला जन्मात पहिल्यांदा कुणी न सांगता पोपटी रंग ओळखता आला, आणि तो असा. त्यानं बोट लावून बघितलं. कोवळं, गार होतं. दर तीन-चार दिवसांनी एक बोट. हात वाढत नव्हता. वेल वाढत होती.

आतून हाक आली, "अहो, टॉवेल राहिला." त्यानं टॉवेल नेऊन दिला. संध्याकाळी ती बाहेर बाकावर शेजारणीशी बोलत बसली, तेव्हा त्यानं कॉम्प्युटरनं रोजच्या व्यायामाची साठवून ठेवलेली चित्रं काढली, चित्रातली खिडकी काळी करून टाकली आणि सगळे दिवस पुन्हा मोजायला लावले. नऊ. नऊ. साडेआठ. नऊ. चार आठवडे नऊ. हे सगळे नऊ एकाखाली एक उभे राहिले, आणि त्याला वाटलं, दुसऱ्याचं पत्र चोरून वाचतोय.

आता सांगायचं. सांगायचं तर सरळ आहे, तोंड उघडायचं आणि सांगायचं. पण ती आत येता येताच म्हणाली, "शेजारीण म्हणत होती, माझा रंग उजळलाय." तो म्हणाला, "खरंय." मग त्याच्या मनानं हिशेब मांडला, त्याला न विचारता मांडला. आज सतरा. रेघ बावीसला. पाच बोटं. वेलीच्या चालीनं सतरा-अठरा दिवस. धाकटीचा रविवार वीस दिवसांवर. म्हणजे वेल दोन दिवस आधीच पोचते. ह्यानं काही करायची गरज नाही. खोटं बोलायची नाही, आकडा बदलायची नाही. नुसतं गप्प बसायचं आणि एका पानाला वाढू द्यायचं. मशीन घरात राहते, ती जेवताना बोलते. ह्यात पाप कुठं आहे, हे त्यानं स्वतःला चार-पाच वेळा विचारलं, आणि ज्याअर्थी विचारावं लागत होतं त्याअर्थी ते कुठंतरी होतं.

आठवडाभर तो असा राहिला. गिऱ्हाइकांच्या मशीनी उघडायचा आणि उघड्या टाकून खिडकीकडं बघायचा. एका बाईची सुई त्यानं उलटी लावून दिली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. बाटलीतलं पाणी बदलायचं काम बायको डाव्या हातानं करायची, एक दिवस ती विसरली तर त्यानं गुपचूप बदललं. बदलताना स्वतःलाच म्हणाला, झाडाला पाणी घालतोय फक्त. पुढच्या दिवशी बाटली थोडी उजेडाकडं सरकवली, तेव्हा मात्र काही म्हणाला नाही. व्यायामाच्या वेळी तो कोपराखाली तळवा धरून उभा राहायचा आणि मान जरा वळवली की मागं खिडकीत तो कोंब दिसायचा. ती हात उचलायची, दात आवळून. हात नऊ बोटांवर जाऊन थरथरायचा आणि खाली यायचा. कोंब वाऱ्यावर मजेत डुलायचा. आणि शेवटी ती म्हणायची, "किती?" कॉम्प्युटरच्या तोंडून आकडा वाचून दाखवायचं काम ह्याचं. अठरा. साडेअठरा. ज्याला दया येत नाही असं काहीतरी आण म्हणाली होती ती. त्यानं आणलं होतं, आणि आता त्याच्या मागं स्वतः लपून बसला होता.

पुढच्या सोमवारी आकडा एकोणीस आला. तो एका मशीनचं शटल साफ करत होता, आणि मागं धाडकन आवाज झाला. कापायची मोठी कात्री, ती जड काळी, जमिनीत टोकावर उभी रुतली होती, तिच्या पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर. ती टेबलाला धरून उभी.

"अगं, काय करत होतीस? लागलं का?"

"नाही लागलं." ती कात्रीकडंच बघत होती. "उजव्या हातानं उचलून बघत होते."

"कशाला पण?"

"कशाला म्हणजे? एकोणीस झालेत ना! एकोणीस बोटं वर जाणारा हात, त्यानं एक कात्री उचलू नये?" तिचा आवाज बारीक झाला. "मीच अंग चोरते, अहो. व्यायामाला जातो तेवढा हात जातो, आणि कामाच्या वेळेला मी घाबरते. आठ दिवस झाले, तुम्ही पाठ केली की मी प्रयत्न करते. परवा पेला पडला तो मांजरानं नव्हता पाडला. आकडा वर चाललाय आणि मी मात्र आहे तिथं. म्हणजे खोट माझ्यातच आहे की नाही? आळशी झालेय मी. आयतं खायची सवय लागलीय."

मशीनवाल्याच्या हातातलं शटल तेलकट होतं, ते त्यानं फडक्यावर ठेवलं, फडक्याच्या चारी कडा सारख्या केल्या. तिला खोटा आनंद मिळतोय, एवढंच तो आठ दिवस समजत होता. त्या आनंदाच्या खाली बसून ती रोज स्वतःला चोर ठरवतेय, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"तो आकडा तुझा नाही," तो म्हणाला.

"काय?"

"वेलीचा आहे. त्या तिथल्या. टोक पोपटी आहे तिचं. मी माया जास्त ठेवली, तीही त्यात आली. तुझा हात नऊवर आहे."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती घरघरायची आणि बंद पडायची. ह्याला वाटलं, आता ती ओरडेल, नाहीतर आत निघून जाईल. दोन्हीची तयारी त्यानं आठ दिवस केली होती.

"नऊ कधीपासून?"

"पाच आठवडे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"आठ दिवस झाले."

ह्यावर तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि ते बघणं त्याला चांगलं लांब वाटलं. मग ती सावकाश खुर्चीत बसली. "म्हणजे मी अंग चोरत नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"नऊच जात होता, आणि मी नऊच नेत होते."

"रोज. कधी साडेआठ."

तिनं डाव्या हातानं डोळे पुसले, आणि पुसता पुसताच हसायला लागली. "बघा की! सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा मी हात वर करायचा आणि ती बया मागं उभी राहून शाबासकी घ्यायची!" मग हसू थांबलं. "आठ दिवस तुम्ही मला वेडी केलीत, मशीनवाले. हे मी विसरायची नाही." आणि ती विसरली नाही, अजूनही मधूनच काढते, तो ऐकून घेतो. थोड्या वेळानं म्हणाली, "नऊ म्हणजे कुठपर्यंत, दाखवा." त्यानं टेबलावर हात आडवा धरून दाखवलं. तिनं त्या हाताकडं बघितलं, मग वळून आपल्या मशीनकडं. "अहो, एवढ्यात तर हात मशीनवर येतो."

"येतो खरा."

"मग ती खांद्याची रेघ कुणी काढली?"

"तूच."

"मी काढली, पण उंचीचं खूळ तुमचं. उंची मोजायला तुमच्या कॅमेऱ्याला सोपी, म्हणून आपण दोन महिने उंचीच धरून बसलो. मशीनवर बसून मी हात खांद्याला नेला होता कधी? शिवत होते की आरोळी देत होते?" ती उठली, मशीनपुढच्या स्टुलावर बसली, डाव्या हातानं उजवा हात उचलला नाही, तिनं तो आपला आपण, थरथरत, यायचा तसा येऊ दिला. नऊ बोटं. तळवा कापडावर बसला, इस्त्रीसारखा. बोटं धरत नव्हती, पण वजन होतं. "सुई ओवा. आणि चाक तुम्ही फिरवायचं. मी बस म्हटलं की बस."

पुढचे तेरा दिवस त्या खोलीत जे चाललं ते ऐकायला शेजारीण बाक सोडून दारात यायची. "हळू! गिरणी चालवताय का?" "तूच म्हणालीस ना फिरव!" "फिरव म्हणाले, उडव नाही म्हणाले. बस! बस म्हटलं की बस!" शिवण अशी यायची की तिच्यावरून मुंगी चालली असती तर तिला घेरी आली असती. ती बघायची आणि म्हणायची, "उसवा." आयुष्यभर मशीनच्या पोटात हात घालणारा हा माणूस, एक टाका त्यानं कधी उसवला नव्हता, आता चष्मा लावून, जिभेचं टोक बाहेर काढून टाके उसवायचा. उसवून झालं की ती म्हणायची, "लावा परत." कधी ती मधेच गप्प होऊन हाताकडं बघत बसायची. तेव्हा हा चाकावर हात ठेवून थांबायचा. बरा चाललाय, असं म्हणायचा नाही.

धाकटी ठरल्या रविवारी आली. टेम्पोवाला दारात गाडी लावून उभा. आत येऊन तिनं आधी भिंतीवरची रेघ बघितली, मग बहिणीचा हात, मग मशीनखाली अडकलेलं कापड. ते वर काढून उजेडात धरलं. "हे काय ग ताई? सापानं शिवलंय का?"

"मी शिवलंय."

धाकटीनं कापड उलटं करून बघितलं.

"धाकटे, हात रेघेला पोचला नाही. निम्म्यापर्यंतही नाही. ठरल्याप्रमाणं मशीन तुझी. आणि मी ती देणार नाहीये. ठरलेलं मी मोडतेय. राग येत असेल तर येऊ दे."

"मी कोपरा रिकामा केला," धाकटी म्हणाली. तिला खरंच राग आला होता, तो तिनं लपवला नाही. "कपाट ओढलं एकटीनं. कंबर धरली माझी. त्या माणसाला रविवारचा बोलावलाय. भावजी, तुम्ही तरी एक फोन करायचा!"

मशीनवाला चाकावर हात ठेवून उभा होता. तो म्हणाला, "चूक झाली." ह्या घरात त्या महिन्यात हे वाक्य त्याला चांगलं पाठ झालं होतं.

धाकटीनं ते कापड दोन्ही हातांत घेतलं आणि शिवणीवर ताण देऊन, चांगलं जोर लावून, ओढलं. टाका हलला नाही. पुन्हा ओढलं. मग कापड खाली ठेवलं, पदर खोचला, आणि कुरकुरत रिळांच्या पेटीकडं गेली. "एवढ्या पातळ कापडाला हा जाड दोरा कुणी लावला? भावजीच असणार. सरका तिकडं. आणि त्या टेम्पोवाल्याला सांगा, जा म्हणावं, इथं न्यायला काही नाही."

कॉम्प्युटर अजून आहे. आठवड्यातून एकदा दोघं बसतात, खिडकीवर काळं फडकं टाकून, आणि मोजतात. आकडा किती येतो ते त्या दोघांनाच ठाऊक, तिसऱ्याला सांगत नाहीत.

आता एक काम आहे तुमच्याकडं, म्हणून इतका वेळ बसवून घेतलं. घरी एखादी उशी असेल ना तुमच्या, अभ्रा फाटलेली? तिच्या मापाचं कापड घ्या, साधं, चार सरळ बाजूंचं, आणि त्या बाईकडं शिवायला द्या. घाई आहे म्हणू नका. हात कसा आहे, आकडा किती झाला, हे विचारू नका. कधी नेऊ, एवढंच विचारा. आणि शिवण वाकडी आली तर ती बाजू खाली करून झोपा, पण तिच्यासमोर उगाच छान म्हणू नका.